टॉवेलाखालचे गुण

अर्पितानं टॉवेल झटकून बाबांच्या डाव्या हातावर पसरला आणि रोजच्या सवयीनं आपला हात त्याखाली सरकवला, तेवढ्यात संघदीपनं तिचं मनगट धरलं.

"तू नको. आज हात माहा राहीन."

"तुह्या हाताची सवय नाही त्याइले, दादा."

"म्हणूनच तं."

तिनं हात मागे घेतला. पलंगावर उशांना टेकून बसलेल्या नागोरावांनी दोघांपैकी कोणाकडेच पाहिलं नाही. ते टीव्हीकडे पाहत होते, आणि टीव्ही अजून लावायचाच होता. सव्वा वर्षापूर्वी लकवा मारला तेव्हा त्यांचं उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डावा हात तेवढा शाबूत राहिला. त्या हातामागे अजून नागोराव आहेत की नाहीत, याचा फैसला आज दुपारच्या आत व्हायचा होता.

फैसल्याची घाई झाली होती ती शोकेसमध्ये ठेवलेल्या एका पाकिटामुळे. अर्पिताची वनरक्षक म्हणून निवड झाली होती. आज रविवार, आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. आधी सहा महिने निवासी प्रशिक्षण, जिथं स्वतःची ट्रंक सोडून सोबत काही नेता येत नाही. मग झरी जामणीकडचं जंगल. ती एकतीस वर्षांची होती. पुढच्या भरतीत तिचं वय बसणार नव्हतं. दोन वर्षं ती पहाटे बाबा उठायच्या आत बाभुळगावच्या बाहेरच्या रस्त्यावर धावून यायची, आणि लकवा झाल्यावरही तिनं ते सोडलं नव्हतं. शेजारीण लालीबाई तेवढा वेळ पलंगाशी बसायची.

सकाळी संघदीप नागपूरहून गाडी घेऊन आला आणि चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच मुद्द्यावर आला. त्यानं नागपूरच्या एका सेवाघरात बाबांसाठी खाट बोलून ठेवली होती. तिथं नर्स आहे, व्यायाम करवून घेणारा माणूस आहे. आपलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बायको मोनाली आणि आपण दोघंही दिवसभर कामावर, हे त्यानं कोणी विचारायच्या आत स्वतःच सांगून टाकलं. बोलताना त्याला लाज वाटत होती, ती त्यानं लपवलीही नाही.

"तिथं सुकून जातीन ते," अर्पिता म्हणाली होती. "त्याइले सगळं समजते. हे घर समजते, मी समजते. मी नाही जात सोमवारी."

"काय समजते? डॉक्टरनं साफ सांगतलं, किती समजते ते सांगता येत नाही म्हणून. तू दोन वर्षं धावली, पायाले फोड आले तरी धावली, ते सारं सोडून देशील? अन् कोणासाठी? तू कोण हाय हेही ज्याइले ठाऊक नसंल, त्याइच्यासाठी? ही शेवटची भरती हाय तुही. पुढं काय करशील, पलंगाजवळ बसून म्हातारी होशील?"

हे सगळं पलंगापासून तीन हातांवर चाललं होतं. माणूस बोलायचा थांबला की लोक त्याच्यासमोर काहीही बोलतात, आणि त्यात घरचे सगळ्यात पुढे असतात.

तेव्हा अर्पितानं वही काढून त्याच्यापुढे आपटली होती.

वही वीस वर्षांपूर्वीची. त्या काळी दर रविवारी सकाळी टीव्हीवर 'सात कंदील' नावाची कार्टून मालिका लागायची, बाहेरच्या कुठल्या देशाची, हिंदीत बोलणारी. इरा नावाची मुलगी, तिचा दगडी घोडा, आणि जगातला उजेड गिळत निघालेला काजळराजा. सात डोंगरांवर सात कंदील लावायचे आणि राजाला आवर घालायचा, अशी बावन्न भागांची गोष्ट. अर्पिता तेव्हा अकरा वर्षांची होती. नागोराव बैलबाजारातले दलाल, आवाज असा की बाजाराच्या एका टोकाला बोलले तर दुसऱ्या टोकाचा गोऱ्हा कान टवकारायचा. ते आधी पोरीची गंमत म्हणून टेकले आणि मग असे गुंतले की भाग संपल्याशिवाय घरातून पाय काढेनात. "एवढा बाप्या माणूस चित्रं पाहून राह्यला," म्हणून तुळसाबाई, अर्पिताची आता हयात नसलेली आई, सगळ्या गल्लीला सांगत सुटायची. संघदीप होस्टेलला होता. सुट्टीत आला तरी ही पोरकट थेरं त्याला नको असायची.

बाप-लेक प्रत्येक भागाला दहापैकी गुण द्यायचे. आणि नागोरावांना तोंडानं आकडा बोलायची सवयच नव्हती. बाजारात भाव बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात, एकमेकांची बोटं धरतात आणि आजूबाजूला उभ्या पन्नास माणसांना सौदा कितीला ठरला याचा पत्ता लागत नाही. घरातही तेच सुरू झालं. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच, त्यावर पुन्हा जितकी धरली तितकी बोटं. अर्पितानं आधी आपले गुण वहीत लिहून हातानं झाकायचे, मग टॉवेलाखाली बाबांचे घ्यायचे. शून्य कधी द्यायचं नाही आणि दहाही नाही. "शून्य देल्लं का जनावराचा अपमान, दहा देल्ले का विकणाऱ्याचं फावलं," असं नागोरावांचं त्यावर म्हणणं. अर्पिता रडू आलं की गुण वाढवायची. नागोराव जनावरं कशी चालतात ते बघायचे, आणि इरा शब्दाला जागते का ते बघायचे.

मागच्या पावसाळ्यात अर्पिताला ती मालिका मोबाईलवर सापडली. तिनं ती टीव्हीला जोडून लावली, बाबांचं मन रमेल एवढ्याच आशेनं. पहिला भाग संपला आणि बाबांचा डावा हात पांघरुणावरून सरकत सरकत उशाशी पडलेल्या टॉवेलापर्यंत गेला. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडली होती. तेव्हापासून सगळे बावन्न भाग पुन्हा पाहून झाले. त्यांतल्या चाळीस भागांना बाबांनी वीस वर्षांपूर्वी दिले होते तेवढेच गुण दिले, आणि बाकीच्यांत एखाद्या गुणाचा फरक.

सकाळी संघदीपनं वही चाळली आणि हळूच बंद केली.

"आकडे घेतले कोणं? तूच. लिहिले कोणं? तूच. अन् जुने आकडे तुले तोंडपाठ."

हा प्रश्न तिनं स्वतःलाही विचारला होता. कधी कधी टॉवेलाखाली हात असताना तिला शंका यायची की बोट बाबांनी धरलं, की आपणच पुढे केलं? तिला बाबा तिथं असायला हवे होते, आणि हवं असलं की माणसाला बरंच काही जाणवतं. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी ती कोणाजवळ बोलली नव्हती. तिला जायचं होतं. खाकी कपडे, पायात बूट, सागाच्या जंगलातली पायवाट. हे सगळं तिला इतकं हवं होतं की त्याची तिला भीती वाटायची. म्हणूनच ती "नाही जात" हे इतक्या जोरानं म्हणत होती.

शेवटी ठरलं ते असं. भाग संघदीप निवडणार, तीन. टॉवेलाखाली हात त्याचा. अर्पिता मागे दारात बसणार, बाबांना दिसणार नाही अशी.

"तीनातले दोन जुन्या गुणांशी जुळले तरी मी एकटा गाडीत बसतो," संघदीप म्हणाला. "पुन्हा कधी सेवाघराचं नाव काढणार नाही. अन् नाही जुळले, तं तू उद्या हजर होशील. मंजूर?"

"मंजूर."

संघदीपनं पहिला भाग लावला तो सतरावा. अर्पिताला हायसं वाटलं. या भागात वादळात सापडलेल्या अनोळखी गावासाठी इरा आपला सगळ्यात मोठा कंदील तिथंच सोडून जाते आणि पुढचा घाट अंधारात चढते. बाबांनी आयुष्यात मोजून दोन वेळा नऊ दिले, त्यातला हा एक. "पोरगी शब्दाची पक्की हाय," असं म्हणून त्या दिवशी त्यांनी पोरीला पन्नास वेळा तो घाट सांगितला होता.

बावीस मिनिटं खोलीत फक्त टीव्हीचा आवाज होता. संघदीपचा फोन वाजला, त्यानं न पाहता बंद केला. अर्पिता उंबऱ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिला बाबांची मान मागून दिसत होती. भाग संपला, संघदीपनं टॉवेलाखाली हात घातला आणि थांबला. बराच वेळ झाला.

"काय?" अर्पितानं विचारलं.

"एक."

"नीट पाह्य. पंजा आधी धरतात ते."

"पंजा नाही धरला. करंगळी धरून राह्यले नुसती. एकच."

त्यानं वहीत नऊच्या शेजारी एक लिहिला. तो जिंकल्यासारखा मुळीच दिसत नव्हता. उलट त्यानं बाबांच्या तोंडाकडे जरा वाकून पाहिलं, दिवा गेल्यावर माणूस फ्यूज बघायला जातो तसं.

दुसरा भाग नववा. यात दगडी घोडा पहिल्यांदा दौडतो. अर्पितानं याला आठ दिले होते आणि बाबांनी तीन, आणि त्यावरून घरात आठवडाभर भांडण झालं होतं. "घोडा असा पाय टाकते का? ज्यानं हे काढलं त्यानं घोडा पाह्यलाच नाही," म्हणत नागोरावांनी अंगणात स्वतः चार पायांवर चालून दाखवलं होतं. हे विसरणं शक्य नाही, असं अर्पिता मनाशी म्हणत राहिली. भाग संपला.

"सात," संघदीप म्हणाला.

"सात?"

"अख्खा पंजा धरला, मग दोन बोटं. यावेळी चांगलं घट्ट धरलं. सात."

तीनच्या शेजारी त्यानं सात लिहिला. आता तिसऱ्याची गरजच उरली नव्हती. अर्पिता उठली, वाटीत पाणी घेतलं आणि बाबांना चमच्यानं पाजू लागली. अर्धं पाणी त्यांच्या हनुवटीवरून ओघळलं. तिनं ते पदरानं टिपलं. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. या सव्वा वर्षात असं एकदाही झालं नव्हतं. पाणी पाजताना ते तिच्याकडेच बघायचे.

"थकले असतीन ते," ती म्हणाली. "सकाळपासून आपण नुसतं भांडून राह्यलो."

संघदीप काही वेळ वहीची पानं उलटत राहिला.

"अजून एक पाहू," तो म्हणाला. "हा एक जुळला तरी मी मानतो. दोनाची गोष्ट सोड. फक्त एक जुळू दे."

अर्पितानं चमकून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल झाले होते. आपण हरावं म्हणून हा माणूस आता घासाघिशीवर आला आहे, हे तिला तेव्हा कळलं आणि त्याच्यावरचा सकाळपासूनचा राग एकदम ओसरला.

"एकतिसावा लावतो," तो म्हणाला. "तो मीबी पाह्यलता. तापानं घरी आलतो तेव्हा. बाबानं मले मांडीवर घेतलतं, एवढा मोठा असून."

एकतिसावा भाग साधाच होता. इरा आणि घोडा एका वाळलेल्या तळ्याकाठी रात्रभर बोलत बसतात आणि सकाळी तळ्यात पाणी येतं. बाबांनी त्याला सहा दिले होते. अर्पिता पुन्हा दारात गेली. संघदीप या वेळी खुर्ची सोडून पलंगाच्या कडेला बसला आणि त्यानं आधीपासूनच हात टॉवेलाखाली घालून ठेवला. घोडा काहीतरी विनोद बोलला तेव्हा तो हसलाही, एकटाच.

भाग संपला. टॉवेल थोडा हलला आणि स्थिर झाला.

"चार," संघदीप म्हणाला. मग घाईघाईनं म्हणाला, "जवळ आला पण. दोनाचाच फरक. सहाच्या जवळच हाय नं?"

संघदीपनं सहाच्या शेजारी चार लिहिला, वही तिच्या हातात दिली आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

तिनं वहीत पाहिलं. शाईचे जुने आकडे, शेजारी बॉलपेनचे आजचे. नऊ आणि एक. तीन आणि सात. सहा आणि चार. ती वही बंद करणार होती, पण तिचा अंगठा पानावर तसाच राहिला. नऊ आणि एक दहा. तीन आणि सात दहा. सहा आणि चार दहा.

तिनं पुन्हा पाहिलं. न समजणाऱ्या माणसाला इतकं नेमकं चुकता येत नाही. त्यासाठी आधी बरोबर आकडा ठाऊक असावा लागतो, आणि तो पहिल्यांदा मनात धरून मग उलटा करावा लागतो, तीनही वेळा, लेकाचा हात हातात असताना. बाबांनी सकाळचं सगळं ऐकलं होतं. पायाचे फोड, शेवटची भरती, पलंगाजवळ म्हातारी होशील, सगळं. आणि त्यांना जो सौदा करायचा होता तो त्यांनी टॉवेलाखाली करून टाकला होता, आजूबाजूच्या दोन माणसांना पत्ता न लागू देता.

संघदीप विम्याच्या कंपनीत दिवसभर आकडेच बघतो. "दादा, बेरीज करून पाह्य," एवढे शब्द पुरे होते. ते म्हटलं असतं तर तो गाडीत एकटा बसून गेला असता आणि बाबा इथंच राहिले असते. अर्पिताच्या ओठांवर ते आलेही. तिनं पलंगाकडे पाहिलं. बाबा बंद झालेल्या टीव्हीकडे बघत होते. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

टॉवेल काढायच्या निमित्तानं ती पुढे झाली आणि तिनं त्याखाली आपला हात घातला. बाबांची बोटं शोधली. बोटं नव्हतीच, मूठ होती, आवळलेली. तिनं ती उघडायचा प्रयत्न केला, एकदा, मग जरा जोर लावून. मूठ आणखी घट्ट झाली. बैलबाजारात दलालानं मूठ मिटली की पुढे बोलणं नसतं. भाव ठरलेला असतो, आणि मग गिऱ्हाईक कितीही गयावया करो, रुमाल झटकून खांद्यावर जातो. लहानपणी हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

ती तशीच वाकून उभी राहिली, हात मुठीवर ठेवून.

"अर्पे," संघदीप मागून म्हणाला. "वाईट नको वाटून घेऊ. मलेही वाटे का जुळन म्हणून. मी दर रविवारी जाईन सेवाघरात. मोनालीले पाठवीन मधात."

"त्याइच्याशी बोलायचं पण. नुसतं बसायचं नाही."

"बोलीन."

"अन् तो टीव्ही लावून द्यायचा तिथं. हीच मालिका."

"लावीन नं." त्यानं कपाट उघडलं आणि बाबांचे कपडे बाहेर काढू लागला. दोन स्वेटर हातात घेऊन तो घोटाळला. "यातला कोणता घेऊ? कोणता आवडते त्याइले?" मग स्वतःवरच चिडल्यासारखं त्यानं दोन्ही पिशवीत कोंबले आणि नाक पुसलं. "जाऊ दे. त्याइले आता काय समजते!"

सव्वा वर्ष हे वाक्य तिच्यासमोर कोणीही बोललं, नातेवाईक बोलले, डॉक्टर बोलले, की अर्पिता त्यांच्या अंगावर जायची. एकदा लालीबाईशी ती आठ दिवस बोलली नव्हती. संघदीपनंही जीभ चावली आणि आता काय ऐकावं लागतं म्हणून तिच्याकडे पाहिलं.

अर्पितानं मान वर केली नाही. तिचा हात टॉवेलाखालीच होता. पलंगावरच्या माणसाला एक एक शब्द स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"हो दादा. काहीच समजत नाही त्याइले."

तिच्या हाताखालची मूठ सैल झाली. ती आणखी क्षणभर थांबली, मग डोळे पुसून गोळ्यांचा डबा आणायला आत गेली.